आधी सांगा, काय पडलं?

थळ आणि मांडवा यांच्यामधे किनारा जिथे कोपरासारखा आत वळतो, तिथलं कोंडबंदर. बंदर म्हणायचं ते एवढ्याचसाठी, की तिथे एक दगडी धक्का होता, धक्क्यावर कौलारू कचेरी होती आणि कचेरीपुढे एक उंच काठी होती. त्या काठीवर वादळाचा बावटा चढायचा. बावटा चढला की होड्या आत, उतरला की होड्या बाहेर. गावदेवीच्या खालोखाल कोळीवाड्यात मान होता तो त्या काठीला.

एकोणीसशे एकसष्ट सालच्या दिवाळीआधी काठीचा जुना बावटेवाला पेन्शनीत निघाला आणि कचेरीच्या दाराला कागद लागला. बावटेवाला पाहिजे. राज्य मराठी झालं, कारभार मराठीत आला, त्यामुळे आता नुसता बावटा चढवून भागणार नव्हतं. काठीखाली काळा फळा बसणार होता आणि हवामानाचा मजकूर त्यावर मराठीत लिहायचा होता. सबब, लेखी परीक्षा. बारा दिवसांनी.

तो कागद बुधाजी तांडेलाने तीनदा वाचला. पहिल्यांदा अक्षरं लावली, दुसऱ्यांदा अर्थ लावला आणि तिसऱ्यांदा, आपण वाचलं तेच लिहिलंय ना, याची खात्री केली. मग घराकडे जवळजवळ पळतच सुटला.

बुधाजीला तेव्हा पंचेचाळिसावं लागलं होतं. वीस वर्षं तांडेलकी केलेला माणूस. तांडेल म्हणजे होडीचा धनी नव्हे, पण धन्याहून मोठा. सुकाणू त्याच्या हातात आणि खलाशांचे जीव त्याच्या डोक्यावर. सकाळी उठला की आधी गाल वाऱ्याला लावायचा, मग चूळ भरायची, अशी त्याची रीत. पण तीन वर्षांमागे खांदेरी बेटाच्या पलीकडे शिडाचं आडवं लाकूड निसटलं आणि थेट त्याच्या उजव्या खांद्यावर आलं. हाड जुळलं, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. होडीवरून त्याला कुणी उतरवलं नाही. तोच एका सकाळी घरी राहिला. तेव्हापासून वाळूत बसून जाळ्यांची डागडुजी करायची, म्हाताऱ्यांच्या खोकल्याला हुंकार द्यायचा, आणि होड्या निघाल्या की मान दुसरीकडे वळवायची. ही मान वळवणं कुणाच्या लक्षात येत नाही असं त्याला वाटे. जनीच्या, त्याच्या बायकोच्या, ते पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं.

जनी मासळी विकून आली होती. तिने टोपली उतरवली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेखी? अवो, चौथीत तुमी पास झालेलाव का शाळेचं छप्पर पडलं म्हनून सुटलेलाव?"

यात खोटं काही नव्हतं. बुधाजीच्या चौथीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेचं छप्पर खरंच खाली आलं होतं. रविवार होता म्हणून पोरं वाचली. मास्तर इतके हबकले, की एवढ्यातून वाचलात तर व्हा पास, म्हणून त्यांनी अख्खी चौथी वर ढकलली. बुधाजीचं शिक्षण त्या छपराखालीच राहिलं. पण तांडेल होता तो. भीती वाटली की पाणी मोजायचं, मागे फिरायचं नाही. त्याने सदरा चढवला आणि गेला तो थेट चांगदेवकडे.

चांगदेव म्हणजे वाणसामानाच्या दुकानदाराचा मुलगा. बावीस वर्षांचा, सातवीची फायनल पास, अक्षर असं की छापखान्याने लाजावं. गावातली निम्मी पत्रं त्याच्या हातची. त्यानेही त्याच जागेसाठी अर्ज केला होता, हे बुधाजीला पक्कं ठाऊक होतं.

"चांगदेवा, मना तुला हरवायचं हाय," बुधाजी म्हणाला. "शिकव."

चांगदेव आधी हसला, मग विचारात पडला, आणि मग दुकानातून त्याने आपली जुनी शाळेची वही काढली. मनाचा दिलदार पोरगा. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकान बंद झालं की तो धक्क्यालगत जाळी वाळत घालतात तिथे येऊन बसू लागला. शुद्धलेखन झालं, पत्रलेखन झालं. बुधाजीचं अक्षर वल्ह्यासारखं, लांब आणि वाकडं. पण वाचता येई. गाडी अडली ती उलट शब्दांपाशी, म्हणजे विरुद्धार्थी शब्दांपाशी.

चांगदेव वहीत बघून म्हणाला, ओला, उलट कोरडा. बुधाजीने हातातली जाळ्याची सुई थांबवली. कोण ओला, त्याने विचारलं. चांगदेव म्हणाला, कुणीही. बुधाजी म्हणाला, कुणीही कसा? जनी शेजारीच बोंबील निवडत होती. तिने सांगितलं, की ओल्या बोंबलाचा उलटा सुका बोंबील. विहीर कोरडी, घसा कोरडा. पण "कोरडे बोंबील घ्या" असं मी पेठेत ओरडले तर बायका मला खुळी म्हणतील. चांगदेवने वहीत बारीक अक्षरात 'सुका'ही लिहून ठेवलं. पुढचा शब्द गोड, उलट कडू. आता म्हातारे खलाशी खोकायचे थांबले. एकाने विचारलं, की गोड्या पाण्याच्या उलट कडू पाणी का रे बाबा? मग हा समोर पसरलाय तो काय कडू आहे? झालं, खारट आलं. मग तिखट आलं. मग मनुबाई नावाची म्हातारी, जी चार वर्षं आपल्या सुनेशी बोलली नव्हती, तिने गोड आवाजाच्या उलट म्हणून सुनेचं नाव सांगितलं, आणि सगळी वाळू हसली.

चार दिवसांत असं झालं, की दुपारी धक्क्यावर जत्रा भरू लागली. जो तो शब्द घेऊन यायचा. पोरी पाण्याला जाताना थांबायच्या. बुधाजी तर पेटलाच. सकाळी चुलीपुढे बसून तो जनीला विचारी, "हलका, याचा उलटा काय?" जनी म्हणे जड. "आनि हलक्या कानाचा?" जनी म्हणे, तुमचा बा. शब्द म्हणजे मासळी आहे, असं त्याला वाटायला लागलं. वरून एकच दिसते, पण उलटी केल्याशिवाय नर की मादी कळत नाही. उलट शब्द विचारला, की पहिल्या शब्दाच्या पोटात काय आहे ते दिसतं. इतकी वर्षं आपण ही गंमत तोंडात घेऊन फिरत होतो आणि पत्ता नव्हता, याचं त्याला भलतंच नवल वाटे.

चांगदेव मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी काळजीने म्हणाला, "बुधाजीकाका, उद्या कागदावर वाद घालू नका हां. तिथं एकच उत्तर बरोबर असतं."

परीक्षेचा साहेब वरच्या कचेरीतून आला होता, गंधे नावाचा. चष्मा, कोट, बारीक बोलणं. होडीतून उतरताना पाय भिजले म्हणून बूट उन्हात ठेवून अनवाणीच खुर्चीवर बसला होता, तेवढ्यावरूनच बुधाजीला तो आवडला. उमेदवार पाच होते. शुद्धलेखनात तिघे गारद झाले. राहिले दोघे, चांगदेव आणि बुधाजी.

मग शेवटचा कागद. भरती, ओहोटी. खोल, उथळ. बुधाजीचं वल्हं सपासप चाललं होतं. आणि मग हा प्रश्न आला: 'पडला' या शब्दाचा सर्वांत योग्य विरुद्धार्थी शब्द पुढील चारांतून निवडा. उठला, चढला, सुटला, उघडला.

बुधाजीचं वल्हं अडलं. चारही बरोबर होते! माणूस पडला तर उठला. भाव पडला तर चढला. वारा पडला तर सुटला. पाऊस पडला तर उघडला. त्याने आजूबाजूला पाहिलं. चांगदेव केव्हाच खूण करून हातावर हात ठेवून बसला होता. बुधाजीला त्याचं कालचं बोलणं आठवलं. कुठेतरी खूण करावी आणि सुटावं, असं वाटलंही. टांक एकदा 'उठला'वर गेला, मग 'चढला'वर. पण खोटी खूण करायला हात वळेना. शेवटी त्याने प्रश्नाखाली आपल्या लांबवाकड्या अक्षरात लिहिलं: काय पडलं? आणि कागद देऊन टाकला.

गंधेसाहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून वाचलं.

"अहो, परीक्षा मी घेतोय की तुम्ही?"

"तुमीच, साहेब. पन काय पडलं त्ये कुटं लिवलंय?"

साहेबांना राग यायला हवा होता, पण त्यांना बहुधा गंमत वाटली. त्यांनी सांगितलं, की चांगदेवने 'उठला' निवडलंय आणि ते बरोबर आहे. तुम्हाला आणखी एक संधी देतो, एकच शब्द निवडा आणि का ते सांगा. कचेरीच्या खिडकीबाहेर तोवर डोकी जमली होती. त्यांत जनीचंही होतं, टोपलीसकट.

बुधाजी म्हणाला, "सुटला."

"का?"

"साहेब, उठला चूक न्हाय. रस्त्यावर इचारलं असतं, तर मी उठलाच बोललो असतो. बाजारात इचारलं असतं तर चढला. पन ही बंदराची परीक्षा हाय. हितं काठीखाली उबा ऱ्हाऊन कोन बोलला का 'पडला', तर त्यो मानसाचं बोलत न्हाय आनि बोंबलाच्या भावाचं बी बोलत न्हाय. त्यो वाऱ्याचं बोलतो. वारा पडला, त्याचं उलटं वारा सुटला. हितं त्योच बरोबर."

खिडकीतून कुणीतरी "शाबास" म्हणालं आणि साहेबांनी तिकडे बघताच डोकी खाली गेली. साहेब टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग पेटीतून त्यांनी एक छापील तक्ता काढला. वरच्या कचेरीने मजकुराची बारा वाक्यं ठरवली होती. इंग्रजी तार आली, की तिच्या नंबराप्रमाणे त्यातलं वाक्य फळ्यावर उतरवायचं, आणि ते वाचून होडीवाल्यांनी काय ते ठरवायचं. साहेबांनी सातवं वाक्य वाचलं: "उद्या किनाऱ्यावर जोराचा पाऊस व वारा पडेल." आणि विचारलं, बावटा चढवाल की उतरवाल?

"चढवीन," चांगदेव म्हणाला.

"उतरवीन," बुधाजी म्हणाला.

साहेबांचा चेहरा पडला. होय, तोही पडतोच. खुर्चीत मागे टेकून ते हळूच म्हणाले, "बुधाजी, सगळ्या होड्या बुडवल्यात तुम्ही. हा तुफानाचा इशारा आहे."

तीन वर्षांत पहिल्यांदा बुधाजीसाठी दार उघडलं होतं आणि ते डोळ्यांसमोर लागत होतं. पुन्हा ती वाळू, पुन्हा ते खोकणं, पुन्हा ती मान वळवणं. क्षणभर त्याला वाटलं, की म्हणावं, चुकलो साहेब, चढवीन. पण मग त्याच्या डोळ्यांपुढे फळा आला, फळ्यावरचं ते वाक्य आलं, आणि ते वाचून हसत हसत होड्या ढकलणारी माणसं आली.

"साहेब," तो म्हणाला, "मना नापास करा. पन ह्यो कागद भायर न्यायच्या आधी एकदा त्या खिडकीत वाचा."

साहेबांच्या मनात काय आलं कोण जाणे, ते उठून अनवाणी खिडकीशी गेले. समोर मनुबाईच होती. साहेबांनी तिला वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाले, आजी, सांगा, उद्या काय होणार?

"व्हायचं काय? भिजतील पोरं," मनुबाई म्हणाली. "पन वारा पडतोय न्हवं? मग जातील की. पावसाला कोन भितो?"

मागून जनीने विचारलं, की हे कुणी लिहिलंय? साहेबांनी खाली मान घालून सांगितलं, की मीच, कचेरीत बसून. जनी म्हणाली, "पंख्याखाली लिवलं आसंल. पंख्याचा वारा पडत न्हाय ना, बटनावर थांबतो."

सगळे हसले, आणि गंमत म्हणजे साहेब सर्वांत जास्त हसले. मग एकदम हसायचे थांबले. ते खुर्चीवर येऊन बसले, टांक उचलला आणि चांगदेवकडे वळून म्हणाले, की तुम्ही व्याकरणाप्रमाणे बरोबर होतात, मीही होतो. पाऊस पडेल, त्याला वारा जोडला आणि एकाच क्रियापदात दोघांना बसवून दिलं. चांगदेव तक्त्याकडे बघत होता. "पण साहेब, पाऊस पडतो म्हणजे येतो. वारा पडतो म्हणजे जातो. एका सुकाणूवर दोन होड्या बांधल्यासारखं झालं हे." मग तो बुधाजीकडे बघून म्हणाला, "काका, मी असतो तर तसंच्या तसं फळ्यावर उतरवलं असतं. सुंदर अक्षरात."

त्यानंतरचा तासभर त्या कचेरीत परीक्षा कुणाची चालली होती, हे कुणालाच सांगता आलं नसतं. साहेब एकेक वाक्य वाचत, बुधाजी त्याचं उलट वाक्य मागे, ते बोलून बघे, आणि जिथे दोन वेगळी उत्तरं निघत तिथे हात वर करी, म्हणजे डावा. बारांतली तीन वाक्यं अशी सापडली. 'वादळ लागेल' यात कुणाला लागेल ते नव्हतं. 'होड्या सोडू नयेत' हे तर नामीच निघालं. साहेबांच्या मनात होतं, होड्या समुद्रात सोडू नका. आणि खिडकीतला एक खलाशी म्हणाला, सोडू नका म्हणजे होडीतच बसून राहा की काय? साहेब कोटाची बटणं सोडून, बाह्या मागे सारून लिहीत होते. सातवं वाक्य अखेर असं झालं: 'उद्या किनाऱ्यावर जोराचा पाऊस पडेल व तुफान वारा सुटेल. होड्या समुद्रात नेऊ नयेत.' मनुबाईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता कसं माणसात आलं. पक्की प्रत चांगदेवने काढली. ती बघून साहेबांनी त्याला विचारलं, की वरच्या कचेरीत नक्कल करायला माणूस हवाय, येशील का? चांगदेवने होकार द्यायला एवढा उशीर केला, की तोवर जनीनेच तो देऊन टाकला.

"राहता राहिला हा खांदा," साहेब बुधाजीला म्हणाले. "अक्षर चालेल. बावटा कसा चढवाल?"

ही भीती बुधाजीला पहिल्या दिवसापासून होती. बारा दिवस तो धक्क्यामागे एका जुन्या दोरीवर सराव करत होता, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. जनीलाही नाही. तो काठीशी गेला. डाव्या हाताने दोरी खाली ओढायची, जितकी येईल तितकी टाचेखाली दाबायची, हात वर न्यायचा, पुन्हा ओढायची. ओढ, दाब. ओढ, दाब. तांबडा बावटा हिसके देत वर सरकू लागला. खाली पोरांनी आरडाओरडा मांडला. टाच सोलवटली, पण दोरी मागे एक बोटभरही गेली नाही. निम्म्यावर गेल्यावर बावट्याला कौलांच्या वरचा मोकळा वारा भेटला आणि तो फाडकन उघडला.

दोरी बुधाजीच्या मुठीत ताणली गेली. शीड भरलं की दोरी हाताला जशी खेचते, कोपरापासून दंडापर्यंत, अगदी तशी. तो वर बघायचा थांबला आणि डोळे मिटून उभा राहिला.

"अवो, उतरवा त्यो!" जनी धक्क्याच्या टोकावरून ओरडली. "होड्या परत फिरायला लागल्या!"

खरंच, लांब पाण्यात चार शिडं तोंड फिरवत होती. साहेब घाबरून अनवाणी धावत बाहेर आले. "अहो, पुरे, पुरे! उतरवा आता, बुधाजी बावटेवाले!"

बुधाजीने ऐकलं. ते शेवटचं नाव तर चांगलंच ऐकलं. त्याने टाच उचलली, पण मूठ लगेच सैल केली नाही. आणखी एक झुळूक आली, तिने दोरी ओढून बघितली, त्यानेही तिला जरा ओढून बघितलं. मग तो हसला आणि बावटा हात हात करत खाली घ्यायला लागला.